चार तुकड्यांचा समुद्रसाप: रेझिन मिनीचा रिव्ह्यू आणि थोडी कटकट

आधीच सांगून टाकतो, हा मिनी, म्हणजे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर फासे टाकून खेळायचा गोष्टीचा गेम) खेळताना वापरायची ही छोटी मूर्ती, घ्या. ज्यांच्या गेममध्ये एकदा तरी जहाज येतं त्यांनी डोळे झाकून घ्या, आणि ज्यांचा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) पार्टीला, म्हणजे खेळणाऱ्यांच्या टोळीला, गुहेतून बाहेरच काढत नाही त्यांनी पैसे वाचवा. आता डिटेलमध्ये.

पुण्यातलाच एक थ्रीडी प्रिंटिंगवाला आहे, घरातल्या एका खोलीत मशीन टाकलंय आणि इन्स्टावर ऑर्डर घेतो, नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत. त्याच्याकडून हा सी सर्पंट, म्हणजे समुद्रसाप, मागवला, रेझिनचा, रंग न दिलेला, १,८५० रुपये. डोकं आणि मान मिळून एक तुकडा, पाठीच्या दोन कमानी आणि शेपूट, बास, एवढाच माल. सगळे तुकडे खालून सपाट कापलेले. म्हणजे टेबल हेच पाणी समजायचं, पाण्याच्या वर जेवढा साप दिसेल तेवढाच तुम्हाला विकत मिळतो, बाकीचा खाली कुठेतरी आहे असं धरून चालायचं. ही आयडिया नवीन नाही, असे तुकड्यातले साप बाहेर पण बरेच मिळतात, पण आपल्याकडे कस्टम आणि कुरियर धरून ते परवडत नाहीत.

लिस्टिंगवर त्याने नाव 'वासुकी' टाकलंय, ते मात्र काही पटलं नाही. वासुकी मंथनाला दोर झाला, देव दानव दोघांनी मिळून त्याला ओढला, शंकराच्या गळ्यात असतो, त्याला मारायला कोण उठणार? आमच्या टेबलवर क्लेरिक (देवभक्त, जखमा बऱ्या करणारं पात्र) खेळणाऱ्या वहिनींनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं की भाऊजी नाव बदला नाहीतर माझी क्लेरिक इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी कधी ते ठरवणारा फासा) न टाकता हात जोडून उभी राहणार. महाभारतातला तिमिंगिल म्हणजे मोठमोठे मासे गिळणारा अक्राळविक्राळ प्राणी, तो चालला असता, पण तो साप नाही. शेवटी आम्ही नावच ठेवलं नाही, "तो आला" एवढ्यावर भागतं.

आता हा मिनी का लागतो ते सांगतो, कारण समुद्रसाप हा डी अँड डीमधला सगळ्यात दुर्लक्षित मॉन्स्टर आहे असं माझं ठाम मत आहे. गेमच्या फिफ्थ एडिशनचं २०१४ चं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे मॉन्स्टरांच्या माहितीचं पुस्तक, उघडा, त्यात सी सर्पंट नावाची एंट्रीच नाही. क्राकेन आहे, चॅलेंज रेटिंग (किती अवघड याचा आकडा) २३ आणि ४७२ एचपी (किती मार खाऊ शकतो त्याचे पॉईंट), तिथपर्यंत आमचा एकही कँपेन (अनेक बैठका चालणारी एक गोष्ट) पोचलेला नाही, त्याच्या आधीच कुणाचं तरी लग्न ठरतं किंवा कुणीतरी बंगलोरला जातं. ड्रॅगन टर्टल आहे, रेटिंग १७, वाफेचा फवारा मारतो आणि तो पाण्याखाली असलात तरी पूर्ण भाजतो, मस्त आहे पण कासव ते कासव. खाली बघाल तर प्लेसिओसॉरस, रेटिंग २, त्या बिचाऱ्याला पुस्तकात डायनोसॉरमध्ये टाकलाय. मध्ये रेटिंग १० चा अ‍ॅबोलेथ, पण तो अंधाऱ्या पाण्यात बसून लोकांच्या डोक्याशी खेळणारा, जहाजाला वेटोळं घालायला तो येत नाही. म्हणजे सातव्या आठव्या लेव्हलची पार्टी समुद्रात निघाली आणि डीएमला साप हवाय तर बसा कुठल्यातरी दुसऱ्या मॉन्स्टरचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा तक्ता, घेऊन, नाव खोडून, पोहण्याचा स्पीड टाकून. २०२१ मध्ये फिझबान्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्स या पुस्तकात सी सर्पंट आला, लहान आणि म्हातारा असे दोन, म्हणजे सात वर्षं वाट बघायला लावली. पाथफाईंडरवाले (तो असाच दुसरा गेम) यात शहाणे निघाले, त्यांच्या पहिल्याच बेस्टिअरीत, म्हणजे मॉन्स्टरांच्या पुस्तकात, तो होता, आणि त्याला एक फार भारी क्षमता दिलीये: पाण्यातून सुसाट पळून जातो आणि मागे कसलाही माग ठेवत नाही. माझ्या मते अख्खा समुद्रसाप या एका ओळीत आहे. तो चावतो किती याच्यात काय मजा नाही, चावणारे खूप आहेत, तो आत्ता इथे होता आणि आता नाहीये, हीच त्याची खरी भीती.

आणि इथेच नेहमीचा मिनी मार खातो. गार्गँच्युअन (गेममधली सगळ्यात मोठी) साईज म्हणजे चार बाय चार चौकोन, एक इंच म्हणजे पाच फूट धरून वीस फूट. वीस फुटाचा समुद्रसाप? एवढा तर अजगर पण कधीमधी होतो की! खलाशांच्या गोष्टींमधला साप काढा. १८४८ च्या ऑगस्टमध्ये डेडालस नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या लोकांनी केप ऑफ गुड होप आणि सेंट हेलेना यांच्या मधल्या समुद्रात एक प्राणी बघितला, कॅप्टनने नौदलाला रीतसर रिपोर्ट दिला, त्यात पाण्याच्या पातळीवर दिसणारा भागच सुमारे साठ फूट आणि डोकं पाण्याच्या चार फूट वर असं लिहिलंय. तो नक्की काय होता यावर अजून वाद चालू आहे, ते सोडा. पण साठ फूट म्हणजे आपल्या टेबलवर बारा इंच. शाळेच्या फूटपट्टीएवढा सलग साप ठेवायचा म्हटलं तर जहाज कुठे ठेवणार आणि भेळ कुठे ठेवणार? तुकड्यांचं म्हणून जमतं. डोकं जहाजाच्या नाळेपाशी, एक कमान चार चौकोन मागे, दुसरी आणखी तीन चौकोन सोडून, शेपूट पार पलीकडच्या बाजूला, आणि मध्ये नुसतं निळं पाणी. खेळणारे मनातल्या मनात ती टोकं जोडतात आणि साप आपोआप हवा तेवढा लांब होतो.

बाय द वे त्याच डेडालसच्या रिपोर्टमध्ये असंही आहे की तो प्राणी वरखाली किंवा आडवा असा कसाच वळवळताना दिसला नाही, सरळ जात होता. आणि खरे साप तर वळवळतात ते डावीउजवीकडे, वरखाली कमानी काढत पोहायचं काम देवमाशांचं. त्यामुळे या कमानी शास्त्राच्या दृष्टीने साफ चूक आहेत आणि गेमच्या दृष्टीने एकदम बरोबर, कारण आडवा वळवळणारा साप पाण्यावर तुकड्या तुकड्यात दिसणारच नाही. याबद्दल मी मार्क कापत नाही. शेपटीचे मात्र कापतो. मालवणला रापण ओढताना जाळ्यात खरे समुद्रसाप येतात, त्यांची शेपूट चपटी असते, वल्ह्यासारखी, पोहायला तीच कामाची. या मिनीची शेपूट भाल्याच्या टोकासारखी निमुळती, ती खास ड्रॅगनची. डोक्यावर पण दोन शिंगं आणि भुवया काढल्यात, भुवया कशाला? रागावलेला दिसावा म्हणून असेल. मान तीन इंच उंच आहे, म्हणजे पंधरा फूट, ते बरंय, डेकवरच्या माणसाच्या तोंडासमोर तोंड यायला तेवढी उंची लागतेच.

क्वालिटी. रेझिन प्रिंट असल्यामुळे लेयरच्या रेषा जवळजवळ दिसत नाहीत, खवले एकेक वेगळे, मानेखाली पोटाच्या पट्ट्या नीट उठून आलेल्या, डोळ्याच्या बाहुलीची उभी फट सुद्धा दिसते. हाच साप साध्या पीएलए प्लास्टिकमध्ये अर्ध्या किमतीत करून देतो म्हणाला पण घेऊ नका, कमानीच्या वरच्या गोलाईवर पायऱ्या पायऱ्या पडतात आणि रंग दिला की त्याच आधी दिसतात. शिवाय पीएलए साठेक डिग्रीला मऊ पडतं, एप्रिलमध्ये बंद गाडीत विसरलात तर साप आणखी वेटोळी घालेल. रेझिनचा प्रॉब्लेम उलटा, ते ठिसूळ. बॉक्समध्ये बबल रॅप होता पण चारही तुकडे एकत्र गुंडाळलेले, त्यामुळे एकमेकांवर आपटून खालच्या जबड्याचा एक सुळा मोडला होता. मेसेज केला तर उत्तर आलं, "दादा सुपरग्लू लावा, दिसत पण नाही." सुळा बॉक्समध्ये असता तर लावला असता ना! नवीन डोक्याचे तीनशे मागितले, मी म्हटलं राहू दे, म्हातारा साप आहे.

एक कमान पण टेबलला नीट टेकत नव्हती, एक पाय वर. हे रेझिनमध्ये होतं, नीट क्युअर, म्हणजे पक्कं कडक, व्हायच्या आधी वाकतं. याला उपाय सोपा आहे. जुन्या भांड्यात, स्वयंपाकाच्या नाही, चांगलं कढत पाणी घ्यायचं, तुकडा मिनिटभर बुडवायचा, मऊ झाला की बाहेर काढून ग्रॅनाईटच्या ओट्यावर सपाट दाबून धरायचा आणि तसाच धरून वर गार पाणी ओतायचं. ग्लोव्हज घाला, हात भाजतो. बसली बरोबर, आता कागद पण खालून जात नाही. ओटा मात्र नंतर साबणाने घासून पुसा, नाहीतर घरात वेगळीच इनिशिएटिव्ह लागेल.

रंगाचं म्हणाल तर पावसाळ्यात स्प्रे प्रायमर मारू नका, पुण्यात जुलै ऑगस्टमध्ये हवेत एवढी ओल असते की प्रायमर खरखरीत बसतो आणि खवले भरून जातात, ब्रशने लावायचा प्रायमर आणा. अप्पा बळवंत चौकात अ‍ॅक्रिलिक सगळे मिळतात, भारीतले इम्पोर्टेड मिनी पेंट घ्यायची काही गरज नाही, पाणी घालून पातळ दोन हात द्या. वर गडद हिरवट निळा, खाली पोटाला फिका राखाडी. हे नुसतं दिसायला नाही, बरेच समुद्री प्राणी असेच असतात, वरून बघणाऱ्याला खोल पाण्यात मिसळून जातात आणि खालून बघणाऱ्याला उजेडात. आणि एक खास टिप, गणपतीच्या मूर्तीला लावतात तो पर्ल कलर आणा, सीझनमध्ये तर कुठेही मिळतो, तो कोरड्या ब्रशने नुसता खवल्यांच्या टोकांवर फिरवा आणि वरून ग्लॉस वॉर्निश. ओला दिसतो, खरंच ओला. आमच्या सोसायटीतले एक काका दरवर्षी मंडळाची मूर्ती रंगवतात, त्यांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "डोळे शेवटी कर रे, आणि एका बैठकीत कर, दोन डोळे दोन दिवशी केलेस तर तिरळा होतो." ऐकलं, फरक पडला. पाण्याच्या रेषेवर फेस म्हणून कापूस पातळ ताणून फेव्हिकॉलने चिकटवला, तो पण झकास दिसतो.

पाण्यासाठी फ्लेक्स करून घेतला, तीन बाय दोन फूट, समुद्राचा फोटो आणि वर एक इंचाचे चौकोन. फ्लेक्सवाल्याला डिझाईन दिलं तर तो बराच वेळ बघत बसला आणि विचारलं, "यात साहेबांचा फोटो कुठे टाकायचा?"

आता टेबलवर कसा चालला ते. आमचा कँपेन कोकणासारख्याच एका काल्पनिक किनाऱ्यावर चालतो, जहाज म्हणजे गुराब, आंग्र्यांच्या आरमारात असायची तशी, मोठ्या तोफा पुढच्या तोंडाला, आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबतं तिला दोर लावून ओढतात. डीएमने बरोबर तेच पकडलं. वारा पडलेला, पुढे गलबत, मागे गुराब, मध्ये ताणलेला दोर, आणि पहिल्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) त्याने नुसती एक कमान उचलून त्या दोराच्या मधोमध ठेवली. काही बोलला नाही. दोर कमानीवर चढला आणि तुटला. दुसऱ्या राउंडला कमान उचलून खिशात! आमच्या रेंजरने बाण तयार ठेवला होता तो कुठे मारायचा? टेबलवर निळा फ्लेक्स सोडून काहीच नाही. मग शेपूट आली गुराबीच्या मागच्या बाजूला जिथे तोफा नाहीत, आणि डोकं सगळ्यात शेवटी आलं, तोपर्यंत लोकांनी वडापाव खाली ठेवले होते. अख्खा साप एकदम टेबलवर आणला असता तर पहिल्याच मिनिटाला सगळ्यांनी चौकोन मोजायला सुरुवात केली असती, फायरबॉल कुठे टाकू म्हणजे किती भाग येतो वगैरे. तुकडा दिसला की उरलेलं कुठे आहे याची चिंता लागते, हे काम कुठलाही स्टॅट ब्लॉक करून देत नाही, हे या १,८५० रुपयांचं काम आहे.

नियमांचं थोडं बोलतो कारण घेणाऱ्या डीएमला ते लागणारच. एकटा मॉन्स्टर आणि समोर पाच जण म्हटलं की तो तीन राउंडमध्ये आडवा होतो, हे सगळ्यांनाच माहितीये. तुकडे असल्यामुळे आमच्या डीएमने डोकं, वेटोळं आणि शेपूट अशा तीन वेगळ्या इनिशिएटिव्ह ठेवल्या आणि एचपी पण वाटून दिले, शेपटीचे संपले की ती पाण्यात जाते आणि परत येत नाही, दोन भागांचे संपले की साप पळतो, मरत नाही. सुरुवातीला वाद झालाच, शेपटीला मारलं तर डोक्याला का लागत नाही वगैरे, पण एकदा हे ठरलं की मजा वाढते, आज डोक्याला भिडायचं का आधी वेटोळं सोडवायचं यावर पार्टीत भांडणं होतात.

जहाजाचं गणित पण बघून ठेवा. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये शिडाच्या जहाजाला ३०० एचपी, एसी (फटका लागायला गाठायचा आकडा) १५ आणि डॅमेज थ्रेशहोल्ड १५ आहे, म्हणजे एका फटक्यात १४ डॅमेज केलं तर जहाजाला ओरखडा पण नाही. लहानसहान चावे वायाच जातात. सापाला जहाज फोडायला लावू नका, माणसं उचलायला लावा. आणि पाण्यात पडलेल्या माणसाचे हाल होऊ द्या, पोहण्याचा स्पीड नसेल तर तलवार, कुऱ्हाड यांना डिसअ‍ॅडव्हांटेज, फक्त खंजीर, भाला, त्रिशूळ, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड एवढेच नीट चालतात. आमचा बार्बेरियन ग्रेटअ‍ॅक्स घेऊन आवेशात उडी मारून गेला आणि मग कॅरेक्टर शीटवर एखादा खंजीर लिहिलाय का ते शोधत बसला. श्वास रोखायचा नियम मात्र नावालाच आहे. कॉन्स्टिट्यूशन (पात्राचा दमखम) अधिक दोन असेल तर तीन मिनिटं, तीन मिनिटं म्हणजे तीस राउंड, कुठली फाईट तीस राउंड चालते हो? बुडण्याची भीती त्यातून येतच नाही. ती येते सापाने धरून खाली नेलं की, एका राउंडला चाळीस फूट, दुसऱ्याला ऐंशी, आणि वर वहिनींच्या हीलिंग वर्डची (जखमा भरायच्या मंत्राची) रेंज साठ फूट. तिथे टेबल गप्प होतं.

उरलेल्या तक्रारी उरकतो. तुकडे हलके आहेत आणि फ्लेक्स गुळगुळीत, कुणाचा हात लागला की कमान घसरते आणि मग ती कुठल्या चौकोनात होती यावर कोर्टकचेरी. बोहरी आळीतून लोखंडी वॉशर आणून खाली चिकटवले, वजन आलं, किरकोळ खर्च. वास बऱ्यापैकी येतो पहिले काही दिवस, खिडकीत ठेवा. लहान मुलं घरात असतील तर कपाटात, शिंगं टोकदार आहेत आणि मुलांना पहिल्यांदा तीच हातात घ्यायची असतात. डिलिव्हरी सांगितल्यापेक्षा उशिरा आली, विचारलं तर "लाईट गेली, प्रिंट फेल झाली" असं सांगितलं, खरं असेल, प्रिंट मध्यात असताना लाईट गेली की बहुतेक वेळा परत पहिल्यापासून.

पैसे कमी असतील तर थर्माकोलच्या कमानी कापून काम चालतं, खोटं नाही सांगत, लपवाछपवीची सगळी मजा तशीही येते. पण डोकं नाही जमत थर्माकोलात, आणि डोकं टेबलवर ठेवताना जो आवाज होतो तो रेझिनचाच हवा.

साडेतीन स्टार धरा, सुळा आणि शेपटीचे कापून. ऑर्डर करणार असाल तर तुकडे वेगवेगळे गुंडाळायला स्पष्ट लिहून सांगा, शेपूट चपटी मिळेल का विचारा, मला त्याने फाईल बदलायचे वेगळे पैसे सांगितले पण दोघातिघांनी विचारलं तर कदाचित स्वतःच करून ठेवेल. आणि कमानी दोनऐवजी तीन घ्या, जास्तीच्या एका कमानीचे तो साडेतीनशे घेतो.